पॅनेलआबांचं अर्धं वाक्य

वरवट बकालजवळच्या आमच्या कापसाच्या जिनिंगमध्ये यंत्रांचं पॅनेल सांभाळणारे पॅनेलआबा बिघाडाचा हूटर वाजला की बोलणं जिथल्या तिथे तोडून पळत. पळताना म्हणत, "बसा, आलोच." यंत्राचं दुखणं निस्तरून परत येत आणि ऐकणाऱ्याच्या खुर्चीसमोर उभं राहून तोडलेल्या शब्दापासून पुढे सुरू करत. मधल्या वेळात खुर्चीतला माणूस बदलला का, हे पाहणं त्यांच्या शिस्तीत बसत नसे. मालकांना सांगायला घेतलेली पट्ट्याची तक्रार एकदा सोनाळ्याहून कापूस घेऊन आलेल्या शेतकऱ्याने मुकाट्याने ऐकली आणि वर "पाहतो काई तरी" असं आश्वासनही दिलं.

पॅनेलवर पिवळा दिवा लागला तर आबा ढिम्म. "शेजारी हाय. ताक मांगाले आला. बसू द्या त्याले." लाल दिवा लागला की मात्र ताडकन उभे. "जावई आला बे! हातातलं ठेवा!" पण कुठे ठेवलं ते विसरायचं नाही. "काम सोडा, जागा नका सोडू," हे त्यांचं सूत्र.

हंगामात आबा रजा घेत नसत. म्हणून त्यांच्या सुमनला पाहून गेलेले संग्रामपूरचे पाहुणे होकार घ्यायला थेट पॅनेलच्या खोलीत आले. सुमन आबांचा डबा घेऊन आली होती, ती दारातच थबकली. मुलाच्या वडिलांनी विचारलं, "मंग आबा, पोरगी देता का आमाले?"

आबांनी टोपी नीट केली, घसा खाकरला. "पाहा, माह्यं म्हणणं असं हाय का—"

हूटर.

"बसा, आलोच!"

गाठी बांधायच्या प्रेसमध्ये कापूस अडकला होता. पाहुण्यांनी वाट पाहिली, चहा घेतला, पुन्हा वाट पाहिली. "पोरीपेक्षा मशीन मोठी हाय काय?" म्हणत मुलाचे वडील उठले आणि सगळे निघून गेले. ही बातमी आबांना द्यायची म्हणून मी, पाळीचा सुपरवायझर, थांबलो. उभं राहून पाय दुखले, तेव्हा त्याच खुर्चीत टेकलो.

आबा आले. हात काळे, मिशीला कापूस. "—का पोरगी तुमचीच. देली!"

मी उडालोच. दारातून सुमन म्हणाली, "आबा, मानूस तरी पाहा!"

आबांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मानूस बदलला. बोलणं थोडीच बदलते?" मग एकदम धास्तावून तिच्याकडे वळले. "तुले चालते काय वं?"

"त्यायच्यापेक्षा बरे हायेत," ती म्हणाली. "हे बसून तरी राह्यले."

माझं मत विचारायचं कोणाच्याच लक्षात आलं नाही. मी हो म्हणालो असतो, ही गोष्ट वेगळी. लग्नानंतर मी दारात दिसलो की आबा भरल्या ताटावरून उठत. "लाल दिवा आला!"

गेल्या वर्षी आबा दवाखान्यात होते. उशाशी यंत्र, त्यावर दिवे. पिवळा लागला की नर्सबाईंना समजावत, "बसू द्या, शेजारी हाय." एका दुपारी त्यांनी मला खाटेजवळच्या खुर्चीत बसवलं. "जावईबापू, पाहा, माह्यं म्हणणं असं हाय का—"

यंत्र ओरडलं. लाल. आबांनी तिकडे पाहिलं, उठायला हात टेकला आणि म्हणाले, "बसा, आलोच."

नंतर डॉक्टरांनी यंत्र बंद केलं आणि सगळे बाहेर गेले. सुमनने रडतच मला दोनदा हाक मारली. मी खुर्ची सोडली नाही. आबांचं वाक्य अर्धं होतं, आणि या वेळी तरी खुर्चीतला माणूस बदललेला नको होता.