राणीच्या लेकराचं कापड

गाव सोडायच्या दिवशी ट्रॅक्टरवर सगळ्यांत आधी चढली ती बाबांची पत्र्याची पेटी. तिच्यात बाबा दंडारीच्या खेळात राणी होऊन नेसायचे ते लुगडं, कंबरपट्टा आणि केसांचा टोप. धानाची पोती अजून ओसरीतच होती. आई पदर खोचून ओरडत होती, "धान मांगं अन् लुगडं पयले! लुगडं शिजवून खाशान का?" गोसीखुर्द धरणाचं पाणी शेताच्या बांधाला लागलं होतं आणि बाबा शांतपणे पेटीला दोर बांधत होते.

पेटी नव्या गावठाणात पोचली, मंडई काही पोचली नाही. दिवाळीनंतरची ती जत्रा आणि भर दुपारी रंगणारी दंडार, दोन्ही तिथंच बुडाली. माणसं पांगली. कोणी पवनीला, कोणी नागपूरला, मी पुण्यात. आई गेल्यावर बाबांनाही मी इकडे आणलं, पेटीसकट. ते बाल्कनीत बसून असतात. गाणं सोडाच, बोलणंसुद्धा मोजकं.

म्हणून सत्यासाठी राज्य सोडणाऱ्या राजाची गोष्ट इथं एका छोट्या थिएटरात 'वेगळ्या पद्धतीनं' करतायत असं कळलं, तेव्हा मी लगेच तिकिटं बुक केली. बाबांनी जन्मभर त्याच गोष्टीतली राणी केली होती. वाटलं, निदान चार शब्द बोलतील.

थिएटर म्हणजे काळ्या भिंतींची एक खोली. पडदा नाही, ढोलकी नाही, राजाच्या खांद्याला लॅपटॉपची बॅग. सुरुवातीलाच सांगितलं, "आज तुम्ही प्रेक्षक नाही, या नाटकाचा भाग आहात." बाबांनी मान डोलावली. त्यांना ते खरंच वाटलं.

शेवटी राणी मसणात मेलेलं लेकरू घेऊन बसली. लेकरू म्हणजे शाळेचा एक रिकामा शर्ट. "झाकायला कापड नाही," ती म्हणाली आणि आमच्याकडे हात पसरून बघत राहिली.

आपल्याकडे अशा वेळी काय व्हायचं, ते तुम्हा गाववाल्यांना सांगायला नको. बाबा पदर पसरायचे आणि बघणाऱ्यांतली एखादी बाई उठून लेकरावर नवं कापड टाकायची. त्याशिवाय दंडार पुढे सरकायची नाही. एका वर्षी आईच उठली, अड्याळच्या बाजारातून पोलक्यासाठी आणलेलं कापड घेऊन. "लेकरू कोनाचंबी असो, उघडं नाही ठेवाव," म्हणाली.

बाबा उठले. खांद्यावरचा दुपट्टा काढून राणीकडे निघाले. कोणीतरी हसलं. एका व्हॉलंटिअरनं त्यांचा दंड धरला, "काका, प्लीज बसा. परफॉर्मन्स चालू आहे." मी मागून म्हणाले, "तुम्हीच बोलावलंत ना?" तर चारी बाजूंनी शू झालं. बाबा दुपट्टा हातात घेऊन परत आले. राणीचे हात पसरलेलेच राहिले, दिवे गेले आणि टाळ्या पडल्या.

रिक्षात बाबा बोलले. "एवढे लोकं बसून होते वं. कोनंच नाही उठलं. काहून?"

मी चिडले होते आणि अजून चिडलेलीच आहे. पण त्या नाटकवाल्यांवर नाही, त्यांना आपली रीत कुठून ठाऊक असणार? मी तुमच्यावर चिडले आहे आणि माझ्यावरही. आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रोज गुलाबाची फुलं येतात, आणि मंडईचं नाव काढलं की जागा कोणाची, मंडप कोण घालणार, यावरून भांडणं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

घर म्हणजे काय, याचं उत्तर मी पुण्यात बरीच वर्षं शोधतेय. कर्ज काढून घेतलेला फ्लॅट ते नाही, पाण्याखालची ओसरीही आता ते नाही. राणीनं पदर पसरल्यावर जिथं कोणीतरी उठतं, ते माझं घर.

या दिवाळीनंतर मी बाबांना घेऊन गावठाणात येतेय. मंडप नसला तर पाण्याच्या टाकीखाली बसू. पेटी उघडून पाहिली, लुगडं धड आहे. बाबा पदर पसरतील. तुमच्यातलं कोणी उठलं नाही तर मी उठेनच, पण मग ते गाव नसेल, नुसते बाप-लेक असतील.

येताना कापड आणा.