बुधरामभाऊंची दुसरी झडप

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्या सौंदडमध्ये बैलांच्या खांद्यांना लोणी आणि हळद चोळतात. आपली जोडी चोळून झाली की बुधरामभाऊ बंडीची बटणे काढत आणि बोटांना उरलेली हळद स्वतःच्या छातीवरच्या लांब व्रणाला लावत. त्या व्रणाआड बैलाच्या हृदयावरील पातळ आवरणापासून बनवलेली झडप होती. त्यांची स्वतःची झडप निकामी झाल्यावर नागपूरच्या डॉक्टरांनी ती बसवली होती. ती कशाची आहे हे डॉक्टरांनी आधीच सांगितले होते. पण धाप लागलेल्या माणसाच्या कानात ते शिरले नव्हते. खरा अर्थ उमगला तो बरे होऊन घरी आल्यावर.

"काऊन गा बुधराम, पोळ्याले तुलेबी झूल चढवाची का?" सोबती विचारीत.

"झूल राहू दे. सरकीची ढेप धाड घरी," ते शांतपणे म्हणत.

मी त्यांच्या शेजारचा शाळामास्तर. डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितले होते, म्हणून ते माझ्या घरचा चहाही अर्धाच घेत. "दुसऱ्याच्या बांदीतला पऱ्हा आहे, गुरुजी. पाणी जास्त झाला का सडते," असे ते भातखाचरातल्या रोपाचा दाखला देऊन म्हणत. त्या शस्त्रक्रियेनंतर त्यांनी नांगरताना हातात काठी धरली नाही. बैल थांबले की तेही थांबत. त्यांचा रोवणा, म्हणजे भाताची लावणी, गावात सर्वांत मागे राही, याचे त्यांना काही वाटत नसे.

बऱ्याच वर्षांनी ती झडप झिजली. पुन्हा धाप लागू लागली. डॉक्टरांनी दुसरी बसवावी लागेल, मात्र या खेपेला धोका अधिक आहे, असे स्पष्ट सांगितले. भाऊंनी नकार दिला.

मी समजावायला गेलो. म्हणालो, "भाऊ, झडप तयारच असते. तुम्ही घेतली नाही म्हणून तो बैल परत येणार नाही."

"मटण घेणाराबी हेच म्हणते, गुरुजी." मग श्वास जमवून ते बोलले, "पयल्यांदा मले समजला नव्हता. आता समजून मांगाचा, म्हणून जड जाऊन राह्यला."

मी युक्तिवाद सोडला नाही. आज वाटते, त्यांचा प्रश्न मी ऐकलाच नव्हता. केवळ त्याचे उत्तर देत होतो.

त्यांना हलवले ते मात्र यशोदाने. आई गेल्यापासून या एकुलत्या मुलीला तेच होते. दारात उभी राहून ती म्हणाली, "बाबा, बैलाचा इचार करता. माहा कोण करन?"

दुसऱ्या दिवशी भाऊ माझ्याकडे आले. "जातो, गुरुजी. पोरीच्या बोलण्याले माह्यापाशी उत्तर नाही."

नागपूरला यशोदा आणि मी सोबत होतो. शस्त्रक्रियेच्या आधी त्यांनी तरुण डॉक्टरांना विचारले, "साहेब, याची माफी कोणाले मांगाची?" "मलाही ठाऊक नाही, काका," डॉक्टर म्हणाले. भाऊंनी मान हलवली. प्रामाणिक उत्तर त्यांना नेहमीच पुरे.

झडप नीट बसली. थकलेल्या हृदयाने मात्र पुन्हा जोर धरला नाही. भाऊ शुद्धीवर आले नाहीत.

परतताना गाडीत यशोदा म्हणाली, "मी काही बोलली नसती, तं बाबा घरीच राह्यले असते ना?" मी तिला सांगितले की घरी ते गुदमरूनच गेले असते. ते खरे होते. तरीही तिच्याकडे पाहून मला ते सांगता आले नाही. मी खिडकीबाहेर पाहत बोललो.

तेरवीच्या दिवशी तिने वडिलांच्या नावाचे पान वाढले आणि त्याच्या शेजारी दुसरे मांडले.

"हे कोणाचा, बाई?" एका वडीलधाऱ्याने विचारले.

"बाबाले ज्याची माफी मांगाची होती, त्याचा," ती म्हणाली आणि भात वाढू लागली.

कुणी ते पान उचलले नाही. पंगत बसली. वाढत वाढत ती माझ्यापर्यंत आली तेव्हा मी पानावर हात आडवा धरला. तिने तो हळूच बाजूला केला आणि म्हणाली, "जेवा, गुरुजी. तुमीबी बाबाच्या जीवासाठीच बोलले होते."