मोठ्यांचं कार्टून

मी वर्ध्याकडचं आमचं तळेगाव सोडलं त्या दिवशी बाबांनी दुकान बंद केलं नाही. आमचं भांड्यांचं दुकान बाजारात, हायवेवरच्या बस स्टँडपासून हाकेच्या अंतरावर. मी बॅग घेऊन समोर उभी राहिले तेव्हा ते लग्नघरच्या मंडळींना पितळेचे गंज-पातेली दाखवत होते. मान वर न करता म्हणाले, "जाशील तं जा. पण मंग पाहुण्यावानी येत जाजो." स्टँडपर्यंत आई आली. पुण्याच्या ट्रॅव्हल्सचा क्लीनर डिकीत सामान कोंबत होता आणि आई पदराने माझ्या नव्या बॅगेवरची धूळ पुसत होती. "पोचली का फोन करजो," एवढंच बोलली. तिने मला अडवलं नाही. अडवलं असतं तरी मी थांबले नसते, हे दोघींनाही ठाऊक होतं.

तळेगावात अजून काही जण सांगतात की सुषमा घरातून पळाली. त्यांच्यासाठी एकदाच लिहून ठेवते. मी पळाले नाही. भर दिवसा, सगळ्या बाजारासमोरून, तिकीट काढून गेले.

गेले ते ज्योतीताईमुळे. ताई माझी थोरली बहीण. तिला नाचणगावला दिली होती. नवरा नोकरीवाला, घर स्लॅबचं, सासू देवभोळी. सोयरीक जुळली तेव्हा सगळ्या नातेवाइकांनी बाबांची पाठ थोपटली होती. तो तिला मारायचा. एका श्रावणात ताई एकटीच, न कळवता माहेरी आली. आईने तिला वरणभात वाढला, डोक्याला तेल लावून दिलं. बाबांनी काकांना बोलावलं. संध्याकाळच्या आत काका तिला नाचणगावला पोचवून आले.

पोळ्यानंतर निरोप आला, ताईचा विहिरीवर पाय घसरला.

पाय घसरला. आमच्या घरात हे शब्द इतक्यांदा बोलले गेले की घासून घासून गुळगुळीत झाले. खरं काय घडलं ते मला आजही माहीत नाही, कारण विचारायला कुणी गेलंच नाही. मी विषय काढला तर बाबा म्हणायचे, "मेलेल्या माणसाची बदनामी काऊन करतं?" वर्षश्राद्ध झालं आणि माझ्यासाठी स्थळ आलं. तेही नोकरीवालं, स्लॅबचं. वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी मेघेला खोली करून मी लॅब टेक्निशियनचा कोर्स केला होता. स्थळाला नाही म्हटलं आणि पुण्यातल्या एका लॅबची नोकरी धरली.

पुण्यात माझं 'मले' गळून 'मला' झालं. सकाळची शिफ्ट, रक्ताची सॅम्पल्स, पीजीमधली एक अर्धी खोली. कुठली म्हणून विचारलं की मी वर्धा सांगायचे; लोक म्हणायचे, "आश्रमवालं का?" मी हो म्हणायचे. तिकडे आश्रमाखेरीज विहिरीही आहेत, हे कुणाला सांगणार?

माझी रूममेट रेहाना, सोलापूरची, जपानी भाषेच्या क्लासला जायची. एका रविवारी दुपारी तिने लॅपटॉपवर एक जपानी सिनेमा लावला. सगळा चित्रांचा. मी हसले. "कार्टून? ते तर पोरांसाठी असतं."

"पोरांना दाखवलं तर पोरं घाबरतील," रेहाना म्हणाली. "गप बस आणि बघ."

जपानातलं एक लहान गाव. नदी, पूल, बंद पडलेली गिरणी. एक बाई केस कापायचं छोटं दुकान चालवते. तिची लग्न झालेली मुलगी एका थंड दुपारी अचानक दारात उभी राहते. आई तिच्यापुढे जेवण ठेवते आणि मुळा किसायला बसते. मुलगी घास घेता घेता बाही खाली ओढते. तेवढ्या एका हालचालीत सगळं कळतं. आईलाही कळतं, किसणीवरचा हात क्षणभर थांबतो आणि पुन्हा चालू होतो. मुलगी विचारते, मी इथेच राहू का? आई म्हणते, शेवटची बस चुकेल.

त्यानंतर ती मुलगी सिनेमात दिसत नाही. ती गेल्याचं आपल्याला शेजाऱ्यांच्या बोलण्यातून कळतं. लोक त्याला अपघात म्हणतात, आई मान डोलावते. जावयाला कुणी पकडत नाही, कुणी भूत होऊन सूड घेत नाही, कोर्टात कुणी भाषण ठोकत नाही. बाई रोज दुकान उघडते, लोकांचे केस कापते, जमिनीवरचे केस झाडून काढते. आणि अगदी शेवटी, एक म्हातारं गिऱ्हाईक खुर्चीत बसलेलं असताना, ती आरशात बघून एकच वाक्य बोलते: मी तिला परत पाठवलं. कात्री चालू राहते. तिथेच सिनेमा संपतो.

मला रडू आलं नाही. मला राग आला, आणि तो इतक्या वर्षांनी जागच्या जागी आल्यासारखा वाटला. आपले सिनेमे मी लहानपणापासून पाहिले, त्यात मार खाणारी बाई देखणी असते आणि तिच्यामागे सारंगी वाजते. आपण त्या नटीसाठी रडतो आणि हलकं होऊन घरी जातो. इथे नटी नव्हती. किसणीवर थांबलेला तो हात कुणीतरी कागदावर काढला होता, पुन्हा पुन्हा, बरोबर जमेपर्यंत. नखाजवळची सोललेली कातडी, बाहीचा उसवलेला काठ, भाताच्या वाफेने धूसर झालेली काच. कॅमेऱ्यात आपोआप आलेलं असं काहीच नाही. जे दिसतं ते कुणीतरी ठरवून, बसून काढलेलं. म्हणजे कुणीतरी महिनोन्महिने त्या मुलीच्या मनगटाकडे पाहत बसलं होतं. आमच्या ताईकडे एक दुपारही कुणी तसं पाहिलं नाही.

त्या दिवाळीत मी तळेगावला गेले तेव्हा घरात पायल होती, काकांची मुलगी. लग्नाला फार दिवस झाले नव्हते. सासरहून निघून ती थेट आमच्याकडे आली होती, कारण स्वतःच्या बापासमोर जायची तिला भीती वाटत होती. काका भाऊबीज आटोपली की तिला परत पोचवणार, असं ठरलेलं होतं. ती दिवसभर स्वयंपाकघरात काही ना काही निवडत बसायची. ओठ फुटलेला होता. त्याविषयी कुणी बोलत नव्हतं.

भाऊबीजेच्या दुपारी मी मधल्या खोलीत लॅपटॉप उघडला. सहज नाही, मुद्दाम. आई आणि पायलला बसवलं आणि सिनेमा लावला. दोघींना ना जपानी कळत होतं ना खालच्या इंग्रजी ओळी, म्हणून मी शेजारी बसून एकेक वाक्य सांगत गेले, आणि सांगताना माझ्या तोंडी पुण्याची भाषा आलीच नाही. मुलगी म्हणाली, "आई, मी अठीच राहू का?" आई म्हणाली, "शेवटची बस चुकून जाईन, बाई."

आईने माझ्याकडे पाहिलं. मी आमच्याच घरचं सांगतेय असं तिला वाटलं असावं, पण ते शब्द मी बदलले नव्हते.

बाबा जेवायला आले. "सणासुदीचं हे काय पोरायचं कार्टून लावून बसल्या?" म्हणत उंबऱ्यात थांबले, थोडा वेळ पाहिलं, आणि त्यांचा आवाज चढला. "असलं दाखवतं का आईले? बंद कर ते."

"राहू द्या जी," आई म्हणाली. "मले पाहाचं आहे."

बाबांना तिने कधी असं म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. बाबांनीही नसावं. ते उंबऱ्यातच उभे राहिले. सिनेमा संपला तरी आई काळ्या पडद्याकडे पाहत होती. मग म्हणाली, "तिनं तं म्हणून टाकलं. आपण कवा म्हणाव?" बाबांनी चप्पल घातली आणि न जेवता दुकानात गेले.

दुसऱ्या दिवशी काका आले. आई दारात उभी राहिली, दोन्ही हात चौकटीला.

"पायल नाई जाणार."

"वहिनी, लोक काय म्हणतीन?"

"लोकायचं मी एकडाव ऐकलं. मायी ज्योती गेली. पाय नोता घसरला तिचा." ती हळू बोलली नाही. समोरच्या ओट्यावरच्या बायांनी ऐकलं, रस्त्याने जाणाऱ्यांनी ऐकलं. "मी धाडलं तिले वापस. आता कोणाले नाई धाडत."

काकांनी आत बाबांकडे पाहिलं. बाबा उठून आईच्या मागे येऊन उभे राहिले. तिथून हटले नाहीत. काका गाडी वळवून निघून गेले.

एका सिनेमाने आईला बदललं असं मी म्हणणार नाही. ते वाक्य तिच्या आत केव्हाचं तयार होतं. मी फक्त तिच्यासमोर दुसरी एक बाई आणून बसवली, जिने आधी बोलून दाखवलं. ती बाई कुणीतरी काढलेली होती, म्हणून ती कमी खरी होती का? भावकीत अजून म्हणतात की सुषमाने कार्टून दाखवून घर बिघडवलं. म्हणू देत. जे घर पोरींना संध्याकाळच्या आत परत पोचवून येतं ते बिघडलेलंच बरं. काका आमच्याकडे येत नाहीत. पायल बाबांच्या दुकानात बसते, मशीनने भांड्यांवर नावं घालते. रुखवताचं भांडं असलं की विचारते, "नाव पोरीचं टाकू ना?" आणि उत्तराची वाट न पाहता मशीन सुरू करते.

आणि तुम्ही, ज्या माझ्यासारख्याच वर्ध्याहून, आर्वीहून, पुलगावहून निघून पुण्या-बंगळुरात शिफ्टा करता, तुम्हाला कुणी म्हणेल की कार्टून पोरांसाठी असतं, की दुःख पाहायला पैसे कशाला घालवायचे. ऐकू नका. एखाद्या दुपारी लॅपटॉप घेऊन घरी जा, आणि घरच्या बाया समजत नाही म्हणाल्या तर आपल्या बोलीत सांगत बसा.

मला अजून विचारतात, घर कुठलं? पूर्वी मी गावाचं नाव सांगून मोकळी व्हायचे. आता घर म्हणताना मला आमची मधली खोली दिसते, जिथे आम्ही जेवायला बसतो आणि ताईबद्दल बोलतो. मोठ्याने. ती आंबट बोरं कशी खायची, हसताना तोंडावर हात कसा घ्यायची, त्या श्रावणात दारात आली तेव्हा कशी दिसत होती. बाबा खाली मान घालून ऐकतात, पण आता विषय बदलत नाहीत. बोलणं ऐकून एखादी शेजारीण दारात थबकते, परत जायला वळते. आई तिला हाक मारते.

"ये वो, बस. ज्योतीचं सांगून राह्यलो."