कोरड्या किल्ल्यावरचं पुरण

आमच्या घरचे पुरुष दरवर्षी किल्ला पाहायला जात आणि दरवर्षी हात हलवत परत येत. काय पाहिलं म्हणून विचारलं तर म्हणत, "किल्ला पाह्यला." अरे, पण किल्ल्यात काय पाहिलं? "दगड." एवढंच. माणूस बाजारात जाऊन आला तरी यापेक्षा जास्त सांगतो.

आमचं गाव पैनगंगेच्या अलीकडं, उमरखेडच्या बाजूला. दिवाळी सरली की बंडी जुंपायची आणि मुक्काम करत करत माहूरच्या देवीला जायचं, ही घरची रीत. छप्पन सालाआधी नदीपलीकडं मोगलाई, म्हणजे हैदराबादचं राज्य होतं. मग दोन्ही काठ एका राज्यात आले. लोकांना त्याचं फार कौतुक. माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणत असू, त्या म्हणाल्या, "राज्य कोनाचंबी असो, देवी तेच अन् चढ तोच." खोटं नव्हतं.

तिथं पोचलं की डोंगराच्या पायथ्याशी झाडाखाली तीन दगड मांडायचे आणि आम्ही बायकांनी नैवेद्याच्या पुरणाला लागायचं. डाळ शिजवा, वाटा, पोळ्या लाटा, धूर डोळ्यात घ्या. आणि आमचे हे, आणि त्यांच्या पाठचा भाऊ, म्हणजे माझे दीर, दोघं धोतर झटकून उठायचे. "आमी जरा किल्ला पाहून येतो." शेजारच्याच डोंगरावर तो किल्ला. खालून तटाची काळी रेघ दिसायची. दुपार कलली की दोघं भुकेजून यायचे, पानावर बसायचे. आणि मी वाढता वाढता विचारायची. आणि ते सांगायचे, "दगड."

आता मला किल्ल्याचं एवढं काय पडलं होतं, तेही सांगते. मी शाळा पाहिली ती बाहेरून. अक्षरं शिकले ती माझ्या मुलीच्या पुस्तकावरून. ती मोठ्यानं वाचायची आणि मी भाकरी थापता थापता तिच्यामागं म्हणायची, मग दुपारी एकटी बसून तीच पानं बोटानं चाचपायची. तिच्या इतिहासाच्या पुस्तकात महाराजांचे किल्ले होते. वैऱ्यानं वेढा घातला आणि किल्ला महिनोन्महिने लढत राहिला, असं लिहिलेलं. पोरगी खुशाल पुढचं पान उलटायची. मी तिथंच अडकायची. महिनोन्महिने? मग डोंगराच्या माथ्यावर एवढी माणसं पाणी काय पीत होती?

हा प्रश्न मला पडणार नाही तर कोणाला? आमचं घर टेकाडावर, नदी खाली. सकाळ-संध्याकाळ डोक्यावर घागर, कमरेवर कळशी आणि तो चढ. उन्हाळ्यात म्हशीचंही पाणी वर आणायचं. आत्याबाईंचे गुडघे त्याच चढानं गेले, आणि माझे त्याच वाटेनं चालले होते. घरामागं खडकाळ जागा होती. पावसात तिथून पाण्याचा लोट वाहून जायचा, डोळ्यांदेखत. मी ह्यांना म्हणायची, इथं खोदा, दगड लावा, पाणी अडवा. पिण्याचं जाऊ द्या, म्हशीचं आणि भांड्यांचं तरी भागेल.

हे म्हणायचे, "उंचावर पानी टिकत नसते."

"मंग किल्ल्यावरचे लोक काय हवा पेत होते?"

"किल्ल्यावर कुठंय पानी? कोरडा ठनठनीत हाय. म्या सोता पाह्यला नं!"

दीर लगेच मान हलवायचे. "व्हय वयनी, कोरडाच हाय."

आता बोला. त्यांनी स्वतः पाहिलेला, मी पुस्तकात वाचलेला. पुस्तक खोटं आणि मीही खोटी. मला चला म्हटलं तर, "मंग पुरन कोन घालन?" वर्षानुवर्षं हेच. घागर चढवताना मी त्या किल्ल्याला शिव्या द्यायची, आणि मग त्याच किल्ल्याकडं जायचं म्हणून आस धरायची.

मग एका साली आमची म्हैस हरवली. जंगलाकडं गेली ती आलीच नाही. पुरुष हिंडून हिंडून थकले. दुधाची म्हैस, घरात सगळ्यांची तोंडं उतरलेली. आत्याबाई मला म्हणाल्या, "देवीले बोल काही." मी देव्हाऱ्यापुढं हात जोडले. मनात काही ठरवलं नव्हतं, देवीशपथ. पण तोंडातून निघालं, "माय, म्हैस घरी येऊ दे. तुझं पुरन किल्ल्यावर शिजवीन."

आत्याबाईंचा हात कपाळावर गेला. "काय बोलली वं तू? किल्ल्यावर?"

"निंगालं तोंडातून."

"अवो, देवी कुठं, किल्ला कुठं! पायथ्याले काय काटे पडले?"

पण बोललेलं परत घेता येत नाही, हे त्यांनीच मला शिकवलेलं. आणि म्हैस दुसऱ्या सकाळी आपल्या पायानं गोठ्यात उभी! म्हैस आली आणि घरात कटकट आली.

हे म्हणाले, "खाली शिजवू, वर नेऊन दाखवू." आत्याबाई आता माझ्या बाजूनं. नवस म्हटल्यावर त्या कोणाच्या बापाला ऐकत नसत. "शिजवीन म्हनली थे. नेईन नाई म्हनली."

"अन् पानी? वर थेंब नाई."

मी म्हटलं, "तुमी पाह्यलं म्हनता, म्हनजे नसनच. मंग न्या खालून."

मला खरंच राग होता, पण खरंच विश्वासही होता. नवऱ्यानं डोळ्यांनी पाहिलं म्हटल्यावर बाईमाणूस काय करणार? पुरणाची डाळ कोरड्यात शिजते का? तेव्हा दिवाळीनंतर माहूरला पोचल्यावर दोघा भावांनी कावड बांधली, दोन्हीकडं पाण्यानं भरलेल्या घागरी. मी डाळ-गुळाचं गाठोडं घेतलं, मुलीनं परात. आत्याबाईंनी पाट्या-वरवंट्याकडं पाहिलं.

"तो नोका आनू," मी म्हटलं. "किल्ल्यावर नुसते दगडच हायेत म्हनतात. एखादा पाटा भेटन."

ह्यांनी कावडीला खांदा दिला. कावडीखाली बोलायला दम लागतो.

वाटेत दीर सांगत होते, महाराज इथूनच घोडा उडवत गेले. आत्याबाई म्हणाल्या, "किल्ला गोंडराजाचा हाय, माझी आजी सांगे." आमच्याकडं डोंगरावर तट दिसला की तो मराठ्यांचा किल्ला, दुसरी गोष्ट नाही. मी म्हटलं, कोणाचाही असो, तहान सगळ्यांना सारखीच लागली असेल. आत्याबाई दर वळणावर बसत होत्या. घागरी डुचमळत होत्या, ह्यांचं धोतर गुडघ्यापर्यंत ओलं. मी मागून पाहत होते. रोज मी चढते तेव्हा मागून कोणी पाहत नाही, हेही मनात येत होतं.

मोठा दरवाजा आला. आत दोन्हीकडं पहारेकऱ्यांचे ओटे, गार सावली. दोघा भावांनी कावड टेकवली आणि सरळ एका ओट्यावर जाऊन बसले, अशा सरावानं, जसं घरचंच अंगण. ओटा झिजून गुळगुळीत. कोपऱ्यात बिडीची थोटकं.

तेवढ्यात आतून एक म्हातारी आली, म्हशी हाकत. हातात काठी, अंगावर चोळी नाही, नुसतं गोंडी वळणाचं लुगडं. तिनं ह्यांच्याकडं पाहिलं आणि तोंडभर हसली.

"आले का जी? यंदा बायकाबी आनल्या? पत्त्याले गडी कमी पडले काय?"

आत्याबाईंनी विचारलं, "कायचे पत्ते, बाई?"

"हे दोघं नं. दरसाल येतात, इथंच बसतात, पत्ते कुटतात, निंगून जातात. म्या म्हनलं, बाप्पा, देवदर्शनाले येतात का पत्त्याच्या दर्शनाले."

मी ह्यांच्याकडं पाहिलं. हे कावडीच्या दोरीकडं पाहत होते.

म्हशींच्या अंगावरून पाणी निथळत होतं. मला आधी ते दिसलं, मग उमगलं. मी म्हातारीला म्हटलं, "म्हशी ओल्या कशानं?"

"तळ्यात बसल्या होत्या. अन् हे पानी कायले वाहून आनलं?"

मी गाठोडं तिथंच टाकलं आणि आत गेले. झुडपं बाजूला सारत, काटे लागत. आणि बाई, पुढं तळं. केवढं! काठापर्यंत भरलेलं, आभाळ आत पडलेलं. माथ्यावरचा सगळा उतार त्याच्याकडं झुकलेला. पावसाचं पाणी वाहून येईल आणि इथं थांबेल, दुसरी जादू काही नव्हती. कोण्या राजानं, राणीनं, बेलदारानं कधीकाळी उताराकडं पाहिलं होतं, एवढंच. माझ्या घरामागच्या खडकाकडं मी पाहत होते तसंच.

मला हसू यायला हवं होतं. मला रडू आलं. इतकी वर्षं चढवलेल्या घागरी डोळ्यापुढं आल्या.

आत्याबाई मागून लंगडत आल्या. पाण्यात हात घातला. मग वळून ओरडल्या, दरवाजापर्यंत ऐकू जाईल अशा, "अरे ए कोरड्याहो! या इकडं, दगड पाहा!"

दोघं आले, माना खाली. दीर पुटपुटले, "दादा म्हने कोरडा असन. म्या म्हनलं, असन."

"तुमी पाह्यला म्हनत होते," मी ह्यांना म्हटलं.

"दरवाजा पाह्यला," हे म्हणाले.

पुरण तळ्याच्या काठी शिजलं. सपाट दगड सापडला, त्यावर वाटलं. म्हातारीलाही पान वाढलं. खालून आणलेलं पाणी आत्याबाईंनी मुद्दाम त्या दोघांनाच प्यायला लावलं. "तुमी आनलं, तुमीच संपवा. तळ्याले तोंड लावाचं नाई." खाली उतरेपर्यंत घागरी रिकाम्या झाल्याच पाहिजेत म्हणाल्या.

घरी आल्यावर मी घागर उचलली आणि नदीची वाट धरली. होळी झाल्यावर ह्यांनी कुदळ काढली आणि घरामागं टाकं खोदायला लागले. दीर मदतीला. पाणी टाक्यात आणणाऱ्या पाटाचा उतार कसा द्यायचा ते विचारायला हे दोनदा आत आले, तेव्हा मी सांगितलं. पहिल्या पावसाळ्यात ते टाकं भरलं. फार मोठं नाही, उन्हाळ्यात तळ गाठायचं, पण म्हशीचं, भांड्यांचं भागायचं. माझ्या निम्म्या खेपा वाचल्या.

मग पाहुणे आले की हे त्यांना घरामागं घेऊन जायचे. मी स्वयंपाकघरात, सगळं ऐकू येई.

"उंचावर पानी टिकत नाई म्हनतात लोक. टिकते! माहूरच्या किल्ल्यावर म्या सोता पाह्यलं नं. येवढालं तळं!"

पाहुणे म्हणायचे, "तुमची नजरच बारीक, बुवा."

आणि मी पळी इतक्या जोरानं भांड्यावर आपटायची की आत्याबाई बाजेवरून म्हणायच्या, "हळू वं, भांडं फुटन. पानी आता जवळ हाय, भांड्याचा बाजार लांबच हाय."