पेन परत नको

"सही झाली की पेन तुम्हीच घेऊन जा. परत नको."

साहेबाने ते एका बोटाने माझ्याकडे सरकवलं. कणकवलीतल्या एका फायनान्स कंपनीच्या ऑफिसात मी उभी होते. उभीच, कारण आत शिरतानाच तो म्हणाला होता, "बसू नका. खुर्च्या कापडाच्या आहेत."

मी मासळी विकते. त्या दिवशी विकली नव्हती. दोनदा साबण लावून, ठेवणीतली साडी नेसून पहिल्या एसटीने आले होते. तरी साहेबाच्या नाकावर रुमाल. कोपऱ्यात सोफ्यावर एक हॉटेलवाला बसला होता. सोफाही कापडाचाच.

"ओटीवरून समुद्र दिसतो ना?" हॉटेलवाल्याने विचारलं. मला नाही, साहेबाला.

"पायरी उतरली की वाळूच," साहेब म्हणाला. माझ्या घराची पायरी.

ते घर तारण ठेवून आम्ही मागे पर्यटकांसाठी दोन खोल्या बांधल्या. सगळेच बांधत होते. वादळात पत्रे उडाले. मग जाळं ओढताना नवऱ्याचा खांदा गेला. जून-जुलै मासेमारी बंद, होडी वर ओढलेली. कंपनीला हप्ता तेव्हाही हवाच. तिथे पहिला चुकला, मग चुकतच गेला.

नोटिसा आल्या, तेव्हा आम्ही गाढवपणा केला. आमच्याकडे वाईट कागद हातात घेत नाहीत. "घेतलो नाय तर लागाचो नाय," नवरा म्हणाला. पोस्टमन गावचाच, माझ्या लेकीच्या बारशाला जेवलेला. त्याला सांगितलं, "घरात कोण नाय म्हणान लिव." त्यानेही मायेने लिहिलं. तीन पाकिटं परत गेली आणि मी मनात खूश, सुटलो म्हणून.

मग एक दिवस कंपनीच्या माणसाने नोटीस दारावर चिकटवली आणि तिच्याखाली मला उभं करून फोटो काढला. "मान वर करा," म्हणाला. शेजारणी बघत होत्या. मी मान वर केली. त्याची लाज अजून जात नाही.

आणि आता हा साहेब सांगत होता, "विकायला संमती आहे, एवढंच लिहिलंय. आपणहून दिलंत तर गावात शोभा होणार नाही."

शोभा व्हायची राहिली होती कुठे?

मी पेन उचललं. टोपण काढलं. पिशवीत ती नोटीस होती, दारावरून सोलून आणलेली, पाठीला खळ वाळलेली. दयेसाठी दाखवायला आणली होती. ती बाहेर काढली.

"आधी हे वाचते."

"वाचता येतं?"

हॉटेलवाला हसला.

सातवी झालेय मी. बोट ठेवून, मोठ्याने वाचलं. दुसऱ्या पानावर होतं: कर्जदाराला लेखी हरकत घेता येते, कंपनीला तिचं उत्तर द्यावं लागतं. म्हणजे परत गेलेल्या पाकिटांतही हेच होतं. आधी नवऱ्याचा राग आला, मग स्वतःचा. मग समोरच्याचा. त्याला हे ठाऊक होतं. तरी त्याने गिऱ्हाईक आणून बसवलं होतं.

"माका सही करूची नाय." इतका वेळ सांभाळून बोललेली ऑफिसातली मराठी गळून पडली.

संमतीच्या कागदाच्या कोऱ्या पाठीवर त्याच पेनाने लिहिलं. होडी वर असते ते दोन महिने हप्ता मागू नका, बाकीच्या दहांत वाढवून घ्या. घर विकायला माझी संमती नाही.

"असं चालत नाही," साहेब म्हणाला.

मी कापडाच्या खुर्चीवर बसले. चांगली पाठ टेकून.

"झेरॉक्सवर शिक्को मारून पोच दे. तोपर्यंत मी हयसून उठाचंय नाय."

हॉटेलवाला कंटाळून गेला. दुपार टळल्यावर शिक्का मिळाला.

उत्तर अजून नाही. घर वाचेल की नाही, मला माहीत नाही. उद्या तीच पोच घेऊन ओरोसला जिल्हाधिकारी कार्यालयात जाणार आहे. आलेलं प्रत्येक पाकीट आता मी सही करून घेते, फोडते आणि नवऱ्याला समोर बसवून वाचते.

पेन माझ्याकडेच आहे. शाई संपली की कांडी बदलेन. त्यांना घर हवं असेल तर पोलीस आणून, भर दिवसा, सगळ्या गावासमोर मला ओढून काढावं लागेल. फोटो खुशाल काढा. माझी सही मिळणार नाही.