गिटारच्या मानेखालची तारीख

ही गोष्ट मी बायकोला सांगितलेली नाही, सख्ख्या भावाला नाही, आणि देवाला सांगावी तर त्याला आधीच ठाऊक असणार म्हणून तिथंही गप्प बसलो. तुम्हाला सांगतोय. का, ते विचारू नका. आज सकाळी पुन्हा एकजण मोबाईल नाचवत दुकानात आला आणि माझं डोकं फिरलं, एवढंच कारण समजा.

माझं अकोल्यात वाद्यदुरुस्तीचं दुकान आहे. पेटी, तबला, बँजो, गिटार — जे मोडेल ते. हल्ली कॉलेजातली पोरं येतात आणि मोबाईलवर फोटो दाखवतात. साठ-पासष्ट सालची अमेरिकी इलेक्ट्रिक गिटार. रंग उडालेला, कडा झिजलेल्या, आणि खाली किंमत लाखांत. "काका, अशी एखांदी जुनी आपल्या इकडं भेटन काय?"

मी खेकसतो. अरे, काय आहे त्यात? लाकडाचा तुकडा, चार स्क्रू, दोन-तीन चुंबकं आणि थोडी तार. त्याला लोक घराची किंमत मोजतात! वर अटी बघा — रंग मूळचा हवा, खुंट्या मूळच्या हव्यात, आतल्या तारांचं सोल्डरसुद्धा कुणी उकललेलं नको. म्हणजे साठ वर्षं वाजवायची, पण हात लावायचा नाही. आमच्याकडे वाद्य म्हणजे वापरायची वस्तू. तुटलं की जोडायचं, खुंटी गेली की दुसऱ्या गिटारची बसवायची, मळलं की रंगवायचं. अशा गिटारी उरणार कशा? आणि उरल्या नाहीत म्हणून उरलेल्यांना हे भाव! पोरं बिचारी निघून जातात. दुकानवाले काका चिडके आहेत म्हणतात. आहेच चिडका. पण पोरांवर नाही चिडत मी.

अशी एक गिटार आपल्या इकडे होती. अकोला-अमरावतीच्या पट्ट्यात, माझ्या माहितीत, एकच. ती वाया गेली. रंगामुळे गेली — असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आलोय.

युसूफभाईंची होती ती. अमरावतीच्या एका ऑर्केस्ट्रात ते गिटार वाजवायचे. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे. तरुणपणी ते मुंबईला एका उस्तादांकडे राहिले होते. उस्ताद स्टुडिओत गिटार वाजवायचे आणि हे त्यांचा अ‍ॅम्प्लिफायर खांद्यावर घेऊन मागे मागे. चार वर्षं. पगार नाही; दोन वेळचं जेवण आणि विद्या. परत निघाले तेव्हा उस्तादांनी आपली एक गिटार त्यांच्या हातात ठेवली. असली आहे, अमेरिकेची आहे, जपून वापर, म्हणाले. मधोमध मधासारखी पिवळी आणि कडेला लालसर काळी होत गेलेली.

ऑर्केस्ट्रातली मंडळी मात्र पंचवीस वर्षं एकच थट्टा करत आली. असली गिटार कोणी फुकट देतं का? उस्तादनं टोपी घातली तुमाले, युसूफभाई! ते हसून सोडून द्यायचे. दर ईदला उस्तादांना फोन करायचे.

आमच्याकडे बँड आणि ऑर्केस्ट्रावाल्यांची एक पद्धत आहे. तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराईच्या आधी सगळं सामान रंगवून घ्यायचं. ड्रम, स्टँड, स्पीकरच्या पेट्या, गिटारी — सगळं एका रंगात, आणि वर पार्टीचं नाव. युसूफभाई तेवढी आपली गिटार रंगवू द्यायचे नाहीत. उस्तादांची निशाणी आहे म्हणायचे. ऑर्केस्ट्राचा मालक कुरकुरायचा, मग सोडून द्यायचा.

नंतर ती वाईट वर्षं आली. तुम्हाला माहीतच आहेत. कापसाला भाव नाही, पेरण्या दोन-दोनदा, आणि रोज पेपरात जवळपासच्या कुठल्या तरी गावाचं नाव. अशा गावात नाचगाणं कोण बोलावणार? लग्नं देवळात लागून दुपारपर्यंत उरकायला लागली. ऑर्केस्ट्राच्या सुपाऱ्या तुटल्या. वरूडकडच्या संत्र्याच्या व्यापाऱ्यांकडची लग्नं तेवढी उरली. माझ्याही दुकानात लोक पेटी दुरुस्तीला टाकून जायचे आणि न्यायला फिरकायचे नाहीत. हे सांगतोय खरं, पण त्याच्या आड लपायचं नाही मला. उपाशी नव्हतो मी. घरी सगळे दोन वेळा जेवत होते.

वरूडच्याच एका लग्नात पुण्याहून आलेला कुणी पाहुणा स्टेजपाशी आला आणि गिटार बघून थबकला. काका, खरी असेल तर फार किमती आहे ही, जाणकाराला दाखवा, म्हणाला. आता जाणकार कोण? मी! मुंबईत दोन वर्षं दुरुस्ती शिकून आलेला, या भागातला एकमेव शहाणा. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं, गिटार चादरीत गुंडाळून, युसूफभाई माझ्या दुकानात.

त्यांनी किंमत विचारली नाही. हे नीट ध्यानात घ्या. त्यांनी एवढंच विचारलं — "दिलीपभाऊ, खरं सांगजो. असली हाये का नकली? उस्ताद माह्याशी खरं बोलले का नाई, तेवढंच पायजे मले."

मी मागचे चार स्क्रू काढले, मान वेगळी केली. मानेच्या बुडाशी, जिथं एरवी कुणाचं लक्ष जात नाही, तिथं पेन्सिलीनं तारीख लिहिलेली होती आणि पुढं दोन अक्षरं. कारखान्यातल्या कुण्या कारागिरानं आपल्या हातानं घातलेली. हेच बघायचं असतं, हे मी मुंबईत शिकलो होतो. रंग, खुंट्या, आतल्या तारा — सगळं त्या तारखेशी जुळत होतं. मी असं काही पहिल्यांदाच हातात धरत होतो. आणि काउंटरच्या पलीकडे युसूफभाई. गिटारीकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघत होते.

"नक्कल हाये, युसूफभाई," मी म्हणालो. "चांगली हाये, पण नक्कलच."

जीभ अडखळली नाही. कशी नाही अडखळली? मला वाटलं होतं, आता हे ती विकून टाकतील. मी लगेच म्हणालोही — राहू द्या माझ्याकडे, हजार-दोन हजार देतो, सुट्या भागांसाठी कामी येईल. मग मी ती मुंबईला नेणार होतो. बस्स. इतकं साधं आणि इतकं हलकट.

आणि विकली का त्यांनी? नाही! त्यांनी पाणी मागितलं, पण प्यायलं नाही. मग म्हणाले, "तर मंग कायले जपू हिले? मालक यंदा साऱ्या सामानाले निया रंग मारून राह्यला. हिलेबी मार. तूच मारून दे."

मी थांबवू शकलो असतो. 'थांबा' एवढा एक शब्द पुरला असता. पण थांबा म्हटलं की का ते सांगावं लागलं असतं — नाही का? म्हणून मी पॉलिश पेपर घेतला. तीन दिवस घासत होतो. तो मधासारखा पिवळा रंग भुकटी होऊन माझ्या पायांवर पडत होता आणि मी शिव्या देत होतो. कुणाला, कोण जाणे. मग मोटारीला मारतात तो निळा रंग, दोन हात, आणि वर चंदेरी अक्षरांत पार्टीचं नाव. सुबक काम झालं. मालकानं कौतुक केलं.

हे रंगाचं. इथवर कुणी म्हणेल, लोभ होता आणि मग भित्रेपणा. पण आणखी एक आहे, आणि मघापासून मी त्याच्याभोवती वळसे घेतोय. मानेच्या बुडाला रंग द्यायचा नसतो. ती जागा बंदच राहते. तरी मी ती मान उलटी धरली आणि पेन्सिलीची तारीख घासून काढली. उद्या दुसरा कुणी जाणकार उघडून बघेल आणि माझं खोटं पकडलं जाईल, म्हणून. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. लाकूड कोरं झालं. हे हातून चुकून झालेलं नाही. मी आधी दुकानाचं दार लोटून घेतलं होतं.

युसूफभाईंनी ईदचा फोन बंद केला. पुढं उस्ताद आजारी पडले, निरोप आला. हे गेले नाहीत. उस्ताद वारले; तरी गेले नाहीत. तारा बदलायला आले तेव्हा त्यांनीच सांगितलं मला. "चार वर्सं सामान वाह्यलं त्यायचं, अन् मले नकली देल्ली." मी तारा बदलल्या. तारांचे पैसे घेतले नाहीत. केवढा मोठेपणा माझा!

खरं सांगू? कधीकधी मला युसूफभाईंचाच राग येतो. ज्या माणसावर पंचवीस वर्षं विश्वास ठेवला, त्याला माझ्या एका वाक्यावर सोडून दिलं? आणखी कुणाला तरी दाखवायची होती! नागपूरला न्यायची, मुंबईला न्यायची! माझ्यावर कशाला एवढी भिस्त ठेवली? असा राग काढायला मला लाज वाटायला हवी. वाटते. राग तरीही जात नाही.

उस्ताद जाऊन वर्ष झालं असेल, त्यांचा मुलगा मुंबईहून अमरावतीला आला. माझ्याच वयाचा, शांत बोलणारा माणूस. त्याचं म्हणणं एवढंच होतं, की अब्बा शेवटपर्यंत युसूफची चौकशी करत होते, मग युसूफ आले का नाहीत? युसूफभाईंनी त्याला सगळं तोंडावर सांगितलं. त्याला पटेना. अब्बा खोटं बोलणार नाहीत, म्हणाला. म्हणून युसूफभाई त्याला घेऊन अकोल्याला आले. भर दुपारी, दोघं माझ्या दुकानात, ती निळी गिटार घेऊन.

"हा मानूस जानकार हाये," युसूफभाई म्हणाले. "दिलीपभाऊ, खोलून दाखव यायले."

मी खोलली. मान उलटी करून कोरं लाकूड त्याच्यासमोर धरलं. असली असती तर इथं तारीख असती, असं सांगितलं. होय, माझ्या तोंडानं सांगितलं. त्यानं त्या जागेवरून बोट फिरवलं.

मग तो उठला आणि त्यानं युसूफभाईंचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले. "अब्बा की तरफ़ से मैं माफ़ी माँगता हूँ," म्हणाला. माझ्यापासून हातभर अंतरावर. युसूफभाईंना रडू आलं. जाऊ द्या, मी माफ केलं त्यायले, असं ते म्हणत राहिले, आणि मी खाली मान घालून स्क्रू परत बसवत होतो.

उस्ताद खरं बोलले होते. शब्द न् शब्द खरं.

युसूफभाई आता नाहीत. निळी गिटार त्यांच्या मुलीच्या घरी माळ्यावर पडली आहे. बापाला कुणीतरी फसवून दिलेली म्हणून ती तिला खाली काढवत नाही. उस्तादांच्या मुलानं त्या दुपारी निघताना मला आपला नंबर लिहून दिला होता, मुंबईला आलात तर घरी या म्हणून. नंबर माझ्याकडे आहे. मी फोन केलेला नाही.