गाडीची खांदशेकणी

नवरा फौजेतून कायमचा घरी आला तेव्हा सोबत काळी ट्रंक होती आणि मागाहून एक ट्रक आला. ट्रंक ओळखीची होती. सतरा वर्षं दर सुट्टी संपली की मीच ती भरून देत होते, आणि तिची कडी लागल्याचा आवाज आला की मी परसात निघून जायचे. ट्रक मात्र नवीनच पीडा. मिलिटरीच्या लिलावातला, हिरव्या रंगाचे पोपडे निघालेला, दारांखाली गंजाने भोकं पडलेली. फौजेत ते गाड्यांचेच मिस्त्री होते, त्यामुळे त्यांना त्यात भंगार दिसतच नव्हतं.

"हे काय धूड आणून ठेवलं जी?" मी विचारलं.

"इंजिन वाघ हाय. इंजिन मी पाहतो, गंज तू पाह्य."

अशी आमची वाटणी झाली. बेत साधा होता. कापसाचे ते वाईट दिवस. भाव पडलेले, डोक्यावर कर्ज. आमचं गाव कळंबपासून आडबाजूला, म्हणून दारात जो व्यापारी येईल त्यालाच माल द्यावा लागे. आपल्या ट्रकने सगळ्यांचा कापूस कळंबच्या जिनिंग कारखान्यावर न्यायचा आणि त्या भाड्यावर घर चालवायचं. जमलं तर ते गावात राहणार. नाही जमलं तर पुण्याला एका फाटकावर पहारेकऱ्याची नोकरी तयार होती. म्हणजे पुन्हा ट्रंक. लोकांना वाटे, ही बाई ट्रकसाठी किती झटते. मी नवरा घरी राहावा म्हणून झटत होते, खोटं कशाला बोलू.

तारेच्या ब्रशने आणि रेजमालने मी तो ट्रक खरवडून काढला. लाल प्रायमर मारला, त्यावर रंग त्यांनी दिला. "जिथं रंग टिकत नाही, तिथं तेलाचा हात देत जाय," ते म्हणाले. आणि तेवढ्यात पोळा आला.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बैलांचे खांदे शेकतात. तूप-हळद चोळतात आणि त्यांच्या कानाशी म्हणतात, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." आमच्या दारात बैल नव्हते आणि माझे हात शिवशिवत होते. माझे वडील दरवर्षी बैलबंडीला जवसाचं तेल चोळत. मी तेच तेल काढलं आणि ट्रकला चोळलं. चाकांच्या नटांपासून समोरच्या लोखंडी पट्ट्यांमागच्या रेडिएटरपर्यंत, हात पोचेल तिथे. वर आवतणही दिलं. शेजारची जाऊबाई हसून हसून लोळायची बाकी राहिली. पुढे दर शनिवारी एक हात ठरलेला; पट्ट्यांआडचं दिसत नसे, तिथे बाटलीनेच तेल सोडायचे. गंजाने माझ्यापुढे शरणागती पत्करली.

दसऱ्यानंतर वेचणी सुरू झाली. पहिल्या खेपा छान झाल्या. मग एक दिवस कळंबच्या अलीकडच्या चढावर इंजिन तापलं, झाकणातून वाफ उडाली, आणि कापूसवाले रस्त्याच्या कडेला बसून राहिले. आठवड्यात पुन्हा तेच. मग तिसऱ्यांदा. ह्यांनी पाण्याचा पंप खोलला, पट्टा बदलला, रेडिएटर आतून दोनदा धुतला. बाहेरून पाहायचं त्यांच्या मनातही आलं नाही.

"बाहेरचं तुयाकडे हाय ना, मंग ते चोखच असन," ते म्हणाले. मला केवढा अभिमान वाटला तेव्हा!

हळूहळू लोक दुसरी गाडी पाहू लागले. कोणी वाकडं बोललं नाही, आणि तेच जास्त लागलं. घरी हे जेवताना स्वतःच्या हातांकडे बघत बसायचे. मग एका संध्याकाळी त्यांनी माळ्यावरून ट्रंक काढली आणि म्हणाले, "सोमवारी निघतो."

रविवारी सकाळी मी फडकं घेऊन ट्रकपुढे उभी राहिले आणि त्याला शिव्या घालू लागले. "एवढं तेल पाजलं तुले, तरी उलटला मेला!" तेवढ्यात समोरच्या पट्ट्यांतून एक चिमणी बाहेर आली. चोचीत कापूस. ती उडाली, परत आली, पुन्हा चोचभर घेऊन गेली. मी वाकून हात घातला. रेडिएटरच्या जाळीवर कापसाचा थर बसला होता, गादीएवढा. जिनिंगच्या आवारात कापसाचे तंतू हवेत उडतच असतात. पंखा ते ओढत होता आणि माझं चिकट तेल ते धरून ठेवत होतं. इंजिनाला वाराच मिळत नव्हता.

गुपचूप उपटून टाकावा, असं मनात आलं. मूठभर उपटलाही. पण मग ते जन्मभर समजले असते की आपल्या हातातली कला गेली. ते मला सोसवलं नसतं. त्या मुठीनिशीच मी त्यांच्यापुढे गेले.

"अजी, गाडी तुमी नाही बिघडवली. मी बिघडवली."

त्यांनी तो कापूस बोटांत चुरला. वास घेतला. "जवस?"

"पोळ्यापासून. दर शनिवारी."

आता काय ऐकावं लागतं म्हणून मी मान खाली घातली, तर ते हसत होते. डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "फौजेत लय गाड्या पाह्यल्या, पण रेडिएटरले गोधडी पांघरणारी तू पयलीच वं!"

दुपारभर आम्ही दोघांनी घासलेट आणि मऊ ब्रशने जाळीची एकेक फट मोकळी केली. सोमवारी पुण्याच्या गाडीची वेळ झाली तेव्हा आम्ही जाऊबाईंचा कापूस भरत होतो. दुसरं कोणी द्यायला तयार नव्हतं. मी पाण्याचा कॅन मांडीवर घेऊन पुढे बसले. चढ आला. मी रस्त्याकडे पाहिलंच नाही, फक्त इंजिनाची गरमी दाखवणाऱ्या काट्याकडे. काटा मध्यावर आला आणि तिथेच राहिला. चढ संपला तेव्हा ते म्हणाले, "ते पाणी आता तूच पिऊन टाक."

त्या ट्रकने पुढे कित्येक हंगाम गावाचा कापूस वाहिला. रेडिएटर सोडून बाकी सगळ्या लोखंडाला मी तेल लावत राहिले. दाराच्या बिजागऱ्या, विहिरीची कप्पी, कुदळ, विळा, काही सोडलं नाही. फक्त माळ्यावरच्या त्या काळ्या ट्रंकेला कधी बोट लावलं नाही. तिची कडी आता गंजून घट्ट बसलीय, उघडत नाही. बसू दे.